आवटखार पुन्हा गेलं

तुम्ही वेबसाइट बनवता म्हणजे नक्की काय करता, असं लग्नाकार्यात मला हमखास कुणीतरी विचारतं. बरीच वर्षं मी यावर जरा वजनदार उत्तर देत असे. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, आता खरं तेच सांगते. मी एक ओळ टाइप करते. आणि मग ती ओळ जे काय करून ठेवते ते निस्तरत बसते.

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक म्हणाले होते, "नव्या पिढीला प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा." त्यांना आधीच सांगून ठेवते, प्रेरणाबिरणा काही मिळायची नाही. चिडचिड भरपूर आहे, हवी तेवढी घ्या.

अलिबागला एसटी स्टँडपासून थोडं आत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर माझं ऑफिस आहे. माणसं दोन, मी आणि निनाद. निनाद पेणचा. पस्तिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप, कामाला वाघ आहे. पण अंगात घाई इतकी की बसलेला असतानाही त्याचा एक पाय चपलेत असतो. आम्ही दोघं मिळून होमस्टेवाले, पतपेढ्या, शाळा, झालंच तर एखादं मच्छीमारांचं मंडळ, असल्या लोकांच्या वेबसाइटी करतो.

आता ती ओळ. समजा, तुमचा होमस्टे आहे. त्यात खोल्या असणार, प्रत्येक खोलीला नाव असणार, भाडं असणार. पूर्वी आम्ही यातलं एकेक पान हातानं लिहायचो. खोल्या दाखवायचं पान, नवी खोली टाकायचं पान, असलेली बदलायचं पान, नको असलेली काढायचं पान. दिवसच्या दिवस जायचे आणि शेवटी कुठेतरी एक स्वल्पविराम चुकलेला निघायचा. मग ही नवी साधनं आली. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, तिच्यात एका ओळीची आज्ञा लिहायची, की बाबा 'खोली' नावाची वस्तू कर, तिला नाव आहे, भाडं आहे, आणि एंटर दाबायचं. भराभर हिरव्या अक्षरांत ओळी धावतात, ही फाइल झाली, ती फाइल झाली, आणि तुम्ही चहाचा कप उचलेपर्यंत चारही पानं तयार! सोऱ्यातून चकल्या पडाव्यात तशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवत बसले होते, खोटं कशाला बोलू?

पण हा सोऱ्या भलताच कामसू आहे. न सांगितलेलंही करून ठेवतो. चौलला आमच्या एक वहिनी आहेत, सुपारीच्या वाडीत त्यांच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत. ऐन डिसेंबरात त्यांचा फोन आला.

"अगं, माझी मागची खोली गेली!"

"गेली म्हणजे? पडली?"

"पडेल कशाला? तुझ्या त्या वेबसाइटीवरनं गेली. पुण्याचे लोक म्हणतायत अशी खोली तुमच्याकडे नाहीच. मी आत्ता तिच्यात उभी राहून बोलत्येय!"

झालं होतं असं, की त्या एका ओळीनं 'काढून टाका' असंही एक बटण सगळ्यांना दिसेल असं लावून ठेवलं होतं. कुणातरी पाहुण्याला ते दिसलं आणि 'बघू काय होतं' म्हणून त्यानं ते दाबलं. झालेलं निस्तरायला मला पाच मिनिटं लागली नाहीत, पण वहिनी पुढं महिनाभर चौलात सांगत होत्या की हिनं माझी खोली उडवली. आता यावर काय बोलायचं?

दुसरी खोड याहून वाईट. तीच आज्ञा पुन्हा चालवली तर साधन पुन्हा सगळ्या फाइली करायला निघतं. मध्यंतरी तुम्ही त्या फाइलींत हातानं काही लिहिलेलं असेल, तर त्याचं त्याला सोयरसुतक नसतं. विचारतं मात्र. ही फाइल आधीच आहे, पुसून नवी लिहू का? उत्तरं असतात हो, नाही, फरक दाखव. आणि एक चौथं उत्तर असतं, 'सगळ्यांना हो'. ज्या कुणी भल्या माणसानं हे चौथं उत्तर त्यात घातलं ना, तो मला एकदा भेटायला हवा आहे. फार नाही, दोन शब्द बोलेन.

आता आवटखारकडे येते. हे खाडीकाठचं आगरी गाव, भातशेती आणि मिठागरांवर जगलेलं. गाव होतं म्हणायचं की आहे म्हणायचं, यावरूनच सगळं रामायण घडलं.

आमच्याकडे दिवाळी झाली, भात कापून उडव्या रचल्या, की शेतं मोकळी होतात आणि त्यांत टेनिसबॉलच्या क्रिकेटच्या मॅचेस सुरू होतात. हा प्रकार बाहेरच्यांना कळायचा नाही. मांडव काय, स्टेज काय, हा भला थोरला लाउडस्पीकर काय! एक गाव, एक संघ. आणि माइकवरून दिवसभर गावांची नावं गरजत असतात. अमक्या गावचा चौकार, तमक्या गावचा गडी बाद. कामाला मुंबईला किंवा कंपनीत जाणारी माणसं त्या दिवशी रजा टाकून येतात, कारण प्रश्न गावाचा असतो.

या मॅचेस भरवणाऱ्या एका मंडळाचे सेक्रेटरी जितूभाई. ट्रकचा धंदा, गळ्यात साखळी, मनानं वाईट माणूस नाही. ते एक दिवस माझा जिना चढून आले.

"मॅडम, गेल्या टायमाला मॅचेस कमी आणि मारामाऱ्या जास्त. एकच प्लेअर सकाळी या गावाकडून खेळतो, दुपारी त्या गावाकडून. ऑनलाइनच करून टाका. कॉम्प्युटरनं अडवला म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

मी म्हटलं, सोपं आहे. वस्तू दोन. एक 'गाव', दुसरी 'खेळाडू', आणि प्रत्येक खेळाडू एका गावाखाली. निनादनं दोन आज्ञा चालवल्या आणि संध्याकाळच्या आत नोंदणीची पानं उभी राहिली. गावांची नावं कुठून आणायची? सरकारी यादी उतरवून घेतली आणि तिच्यावरून साधनानंच गावं भरून टाकली. साधनानं आणखी एक सोय आपणहून करून ठेवली. आज्ञा चालली की यादी नव्यानं उतरवून तिच्याशी ताळा करायचा. यादीत जे गाव असेल ते ठेवायचं, नसेल ते काढायचं, आणि गाव काढलं की त्याखालचे खेळाडूही काढायचे. आमच्या धंद्यात अशा मागे उरलेल्या नोंदींना अनाथ म्हणतात. अनाथ ठेवायचे नाहीत, असा साधनाचा स्वच्छ कारभार.

दोन दिवसांनी जिन्यात काठीचा आवाज आला. दारात एक म्हातारे उभे. पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, हातापायांची कातडी मिठानं खाल्लेली. जन्म मिठागरावर गेलेला माणूस लगेच ओळखू येतो. हसुराम नाना, आवटखारचे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाय, ती मॅचची येबसाइट तूच केलीस ना? तिच्यात आमचा गाव न्हाय."

मी यादी पाहिली. खरंच नव्हतं. सरकारी यादीतच नव्हतं. मग नाना बसले आणि त्यांनी सांगितलं. एका प्रकल्पासाठी गाव उठवलं. सगळ्यांना आत, रस्त्याच्या कडेला वसाहतीत भूखंड दिले. देवळातला देव आणला, शाळा दुसऱ्या शाळेत घातली, ग्रामपंचायत संपली. पत्रं वसाहतीच्या नावानं येतात.

"घराला नंबर आलाय," नाना म्हणाले. "गावाला काय न्हाय आला. आता आमचे गावाचा नाव कोण घेतो? वरसातून एकदा तो मॅचचा माइकवाला घेतो. तेवढाच."

जितूभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मलाही वाईट वाटतं, पण वसाहतीच्या नावानं खेळा म्हणावं की. नाव काय, कुठलंही असो, माणसं तीच."

नानांना ऐकू गेलं. ते फोनकडे बघत म्हणाले, "वसाहतीत तीन गावांची माणसा हायत. जल्मभर ज्यांच्याशी खेळलो, आता त्यांच्यातून खेळू?"

मी आवटखार हातानं टाकलं. गावांच्या पानावर गेले, 'नवीन' दाबलं, नाव लिहिलं, जतन केलं. नानांना त्यांच्याच फोनवर दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून, मग जवळ धरून वाचलं, आणि जाताना माझ्या टेबलावर वालाच्या शेंगांची पिशवी ठेवून गेले. मला वाटलं, झालं काम.

कसलं झालं! आठवड्याच्या आत जितूभाईंचा फोन. मंडळाची मीटिंग झाली होती.

"मॅडम, भाचा चालला पाहिजे."

"कसला भाचा?"

"अहो, मामाच्या गावाकडून भाचा खेळू शकतो. तो हक्कच आहे त्याचा. पूर्वापार आहे. फक्त एका वेळी एकच गाव. म्हणून फॉर्मात आईचं माहेर टाका."

निनादनं 'खेळाडू' या वस्तूत 'आईचं गाव' असा रकाना वाढवला, आज्ञा पुन्हा चालवली, साधनानं विचारलं पुसू का, आणि आमच्या कामाच्या वाघानं दाबलं 'सगळ्यांना हो'. यादी पुन्हा उतरली, ताळा झाला, यादीत नसलेलं एकमेव गाव निघून गेलं. वर तो नवा रकाना साधनानं नुसताच मोकळा ठेवला होता, कुणीही काहीही लिहावं असा. गावांच्या यादीतून निवडायची सोय त्यात केलीच नव्हती. मी निनादला त्यावरूनही झापलं. "लोक काय वाट्टेल ते लिहितील त्यात! आजोळ, मामाकडे, काहीही!" तो म्हणाला, "ताई, नंतर करतो." आमच्या धंद्यात नंतर म्हणजे कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "बाय, काल व्हता, आज न्हाय."

मी आवटखार पुन्हा टाकलं. या वेळी शहाणपणानं यादीच्या फाइलीतच शेवटी लिहून ठेवलं. मग मंडळात जावयांवरून वाद पेटला. जावई चालणार नाही असं ठरलं. मग एका गावाचा सगळ्यात तगडा फलंदाज जावई निघाला, तेव्हा घरजावई चालेल असं ठरलं. "घरजावई ओळखायचा कसा, जितूभाई?" तर म्हणे, एक चौकोन टाका, ज्याचा तो टिक करेल. मी कपाळाला हात लावला. निनादनं चौकोन टाकला. मग मंडळानं चौकोन काढायला सांगितला. निनादनं काढला. दर वेळी आज्ञा, दर वेळी 'सगळ्यांना हो', दर वेळी सरकारची यादी माझ्या फाइलीवर येऊन बसायची आणि आवटखार जायचं. मी तोंडानं सांगून पाहिलं, भिंतीवर चिठ्ठी लावून पाहिली, मॉनिटरवर लाल पट्टी चिकटवून पाहिली. निनाद प्रत्येक वेळी जीभ चावून "अय्यो, सॉरी ताई" म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत. लबाड असता तर हाकलला असता.

नाना आता रोज सकाळी चहा झाला की फोन करायला लागले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बाय, गाव हाय ना?" मी म्हणायची, आहे. ते फोन ठेवायचे. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग कंटाळा आला. एकदा घरात गॅस संपलेला, वरून पतपेढीवाल्यांचा तगादा, आणि त्यात हा फोन. मी फाडकन म्हणून गेले, "आहे हो नाना, आहे! रोज काय विचारता? गाव काय कुठं पळून जाणार आहे?"

"गेला ना गो एकदा," नाना म्हणाले.

मी सॉरी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून मात्र मी त्यांच्या फोनच्या आधी उठून वेबसाइट उघडून बघायला लागले. आवटखारच्या पोरांनी आपापली नावं भरली होती. एकेकाचं नाव त्या गावाखाली बघून मलाही बरं वाटायचं, आणि जितूभाई कुरकुरत का होईना गप्प होते, कारण वेबसाइटवर दिसतंय म्हणजे आहे, असा त्यांचा हिशेब. त्यांनी मला बजावलं मात्र होतं, "मॅडम, सोडतीच्या दिवशी जे कॉम्प्युटरवर असेल ते फायनल. मग मला कुणी सांगायचं नाही." म्हणजे त्या दिवशी नाव नसलं तर आवटखारची पोरं वसाहतीच्या संघात जाणार, आणि एकदा गेली की पुढच्या वर्षी मागं कोण येऊ देणार?

सोडत म्हणजे कुठलं गाव कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या. पेणच्या अलीकडच्या मैदानात मांडव घातला होता. दुपारची वेळ, गावोगावचे कप्तान, त्यांच्या मागं त्यांची माणसं, चहाची किटली फिरतेय. मी सकाळी उठल्या उठल्या आवटखार पाहूनच निघाले होते. लॅपटॉप घेऊन स्टेजवर बसले. समोर पहिल्याच रांगेत नाना, आणि त्यांच्या मागं नवीन जर्सी घालून आलेली पोरं. जर्सीवर गावाचं नाव हे एवढं मोठं छापलेलं. माइकवाला वेबसाइटवरून नुकत्याच छापून आणलेल्या यादीतून एकेक गाव वाचायचा, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायचा. गावं संपली. डब्याला झाकण लागलं. आवटखारचं नाव आलंच नाही.

मी वेबसाइट उघडली. गाव गेलेलं. त्याखालची सगळी पोरंही गेलेली. निनादला फोन लावला.

"निनाद, तू सकाळपासून कशाला हात लावलास?"

"काही नाही ताई. जितूभाईंचा फोन होता, घरजावईचा चौकोन परत हवा म्हणाले, अर्जंट. तेवढाच टाकला." आणि मग, "अय्यो."

मी फोन बंद केला. त्या अय्योला उत्तर देत बसले असते तर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं. नाना उठून उभे राहिले होते. माझ्याकडे बघत होते. मी जितूभाईंना म्हटलं, "चूक आमच्या ऑफिसची आहे. पोरांची नावं माझ्याकडे कालच्या प्रतीत आहेत. आत्ता आणते परत. तोवर चिठ्ठी टाका."

जितूभाईंनी हात पसरले. "मॅडम, किती वेळा टाकायचं? तुम्ही टाकता, तो काढतो. कॉम्प्युटरलाच मान्य नाही, तिथं मी काय करू?"

कॉम्प्युटरला मान्य नाही! मी वीसेक वर्षं या यंत्रापुढं बसते आहे. त्याला मान्य-अमान्य काही कळत नाही. त्याला एका माणसानं यादी दिली, दुसऱ्यानं बघितल्याशिवाय हो म्हटलं, इतकंच. पण हे त्या मांडवात कुणाला सांगणार? शेजारच्या गावचा कप्तान उठला आणि म्हणाला, "बरोबर आहे. गावच नाही तर संघ कसला? वसाहतीतून खेळा ना. उद्या कुणीही उठेल आणि गाव म्हणेल." मागून चारदोन जणांनी हो हो केलं. आवटखारचं एक पोरगं बाह्या सरसावून पुढं यायला निघालं, त्याला नानांनी काठी आडवी धरून थांबवलं.

माझं डोकं असं भणभणलं होतं, की नुसतं काहीतरी करायचं म्हणून मी खेळाडूंच्या नोंदींत 'आवटखार' शोधायला लावलं. एखादं पोरगं उरलंय का बघावं म्हणून. आणि स्क्रीनवर ओळींमागून ओळी यायला लागल्या. मला कळेना. मग बघितलं. ही आवटखारची पोरं नव्हतीच. दुसऱ्या गावांची होती. निनादनं मोकळा सोडलेला तो रकाना, आईचं गाव. यादीतून निवडायची सक्ती असती तर हे नाव त्यांना लिहिताच आलं नसतं. मोकळा होता म्हणून प्रत्येकानं आपापल्या हातानं खरं ते लिहिलं होतं.

मी उठले आणि माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. मागितला वगैरे नाही, घेतलाच.

"ऐका जरा," मी म्हटलं. "तुम्हीच भरलेले फॉर्म वाचत्ये." आणि वाचायला लागले. खेळाडूचं नाव, गाव, आईचं गाव आवटखार. पुढचा खेळाडू, दुसरं गाव, आईचं गाव आवटखार. ज्याचं नाव येईल तो मान वर करून बघायचा. त्या उठलेल्या कप्तानाचा यष्टिरक्षक त्याच्याच बाजूला बसला होता. त्याचं नाव आलं तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मी वाचतच राहिले. माझा आवाज चिरकला, तरी वाचत राहिले. किटली फिरायची थांबली.

मग मला राहवेना. "गाव नाही ना?" मी त्या कप्तानाला विचारलं. "यादीत नाही, नकाशात नाही, कॉम्प्युटरला मान्य नाही. मग या सगळ्या पोरांच्या आया कुठून आल्या? सांगा ना! आभाळातनं पडल्या?"

जितूभाई उठले. मला वाटलं, आता हा माणूस मला उतरवणार. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, माइक द्या इकडं." मी दिला. त्यांनी घाम पुसला.

"मंडळी, भाच्यांचे फॉर्म आपण मंजूर केले. मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या सहीनं. आता भाचा आहे आणि मामा नाही, असं कसं म्हणायचं?" त्यांनी त्या कप्तानाकडे पाहिलं. "बोल बाबा. काय म्हणायचं?"

तो खाली बसला. जितूभाईंनी डब्याचं झाकण काढलं, एक कागद फाडला, त्यावर स्वतःच्या हातानं आवटखार लिहिलं, घडी घातली आणि चिठ्ठी आत टाकली. आवटखारच्या पोरांनी जो काही गलका केला तो पेणपर्यंत ऐकू गेला असेल.

ऑफिसात परत गेल्यावर मी निनादला काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सरकारी यादीशी ताळा करणारी ती सोय मी मुळापासून उपटून टाकली. गावाबरोबर माणसं काढायचा नियमही काढला. राहू देत अनाथ. मागून शोधायला तेच उपयोगी पडतात. निनाद अजून माझ्याकडेच आहे आणि अजूनही 'सगळ्यांना हो' दाबतो. फक्त आता दाबण्याआधी माझ्याकडे बघतो. हीच काय ती आमच्या ऑफिसची प्रगती. आणि हल्ली तर ओळही लिहावी लागत नाही, नुसतं साध्या भाषेत सांगा, सगळं लिहून मिळतं म्हणतात. असेल बाबा. पण विचारल्यावर वाचून उत्तर देणारं माणूस कुठल्या आज्ञेनं तयार होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

मॅचच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा क्रिकेट बघायला गेले. नानांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण हरलेलं कळतं. आवटखार पहिल्याच मॅचला हरलं, आणि चांगलं सपाटून हरलं. पोरं माना खाली घालून परत येत होती. इतकी यातायात केली आणि तासाभरात खेळ खलास, म्हणून मला रडू यायला लागलं, रागही आला. नानांचं काय होईल म्हणून मी त्यांच्याकडे बघायचंच टाळत होते.

हरलेल्या कप्तानाला स्टेजवर बोलावून नारळ द्यायची पद्धत आहे. त्या वेळी माइकवाला ठरलेलं एक वाक्य म्हणतो. सकाळपासून हरलेल्या प्रत्येक गावाला तो तेच म्हणत होता, पान चघळत, पुढच्या मॅचच्या कागदात बघत.

"आवटखार, चांगले खेळलात. पुढच्या वर्षी तयारीनं या."

नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तोंड भरून हसत होते.

"आयकलास ना, बाय?" ते म्हणाले. "पुढचे वरसाला बोलावलाय गावाला."